या घराचा मालक मी असेतो

नदीकाठचं मोठं घर
१५ जानेवारी १९८४

एलिसेओ,

तुझं नाताळातलं पत्र काल हातात पडलं. महिनाभर ते मालकांच्या कचेरीत होतं. आमच्याकडे येणारं आणि इथून जाणारं प्रत्येक पत्र त्यांचे कारभारी सेन्योर रेन्हिफो वाचून पाहतात. शुद्धलेखन तपासतो म्हणतात. तू गावचा मास्तर, पण तुझ्याही दोन चुका त्यांनी लाल शाईने दुरुस्त केल्यात, तेव्हा यापुढे तरी मला चिडवू नकोस. हे पत्रही ते वाचणारच. सेन्योर रेन्हिफो, नमस्कार!

इकडे सगळं उत्तम. मोसम सुरू झाल्यामुळे पाहुण्यांची बोट दिवसातून दोनदा येते, दहाला आणि तीनला. वळणावर तिची शिट्टी वाजली की आमची धांदल बघायला हवी. कपडे उतरवायचे, झाडाच्या सालीचे झगे चढवायचे, अॅल्युमिनियमची पातेली कसाव्याच्या कंदांच्या टोपल्यांखाली दडवायची, तेओफिलोचा रेडिओ छपराच्या पानांत खुपसायचा. तोवर सेन्योर रेन्हिफो धक्क्यावर उतरून पाहुण्यांना सांगत असतात, की या जंगली कुटुंबाने गोरा माणूस अजून पाहिलेला नाही. रोज दोनदा आम्ही गोरा माणूस पहिल्यांदाच बघतो. परवा एका बाईने आपल्या धाकटीला, कासिल्दाला, आरसा दाखवला. कासिल्दा अशी काही किंचाळली, की मालकांनी खूश होऊन तिला साबणाची वडी दिली. तेओफिलो म्हणतो, लग्नाला नऊ वर्षं झाली, मला बघून कधी एवढी किंचाळली नाहीस.

स्पॅनिश बोलायची मात्र बंदी आहे. लोक तोंडावर काय वाटेल ते बोलतात, सगळं कळतं, आणि चेहरा लाकडासारखा ठेवावा लागतो.

बाबा पिसांचा टोप घालून मधोमध बसतात आणि ओंडक्याचे दोन्ही नगारे वाजवतात. तुला आठवतं ना, गावाला ते नगारे घुमले की तीन-तीन गावांची माणसं होड्या काढून यायची. इथे बाबा तीच हाक वाजवतात आणि लोक टाळ्या वाजवतात. त्यांचा गुडघा सुजलेला असतो, बाकी तब्येत बरी. माझ्या दोघी मुली मजेत आहेत. काळजी करू नकोस.

तुझी ताई,
सोयला


अंपियाकू नदी
६ फेब्रुवारी १९८४

सोयलाताई,

लाल शाई बघितली. एक चूक खरी आहे, दुसरीत रेन्हिफो चुकलेत. त्यांना माझा नमस्कार आणि एक शब्दकोश सांग.

तीन वर्षांपूर्वी मालकांची लाँच तुम्हाला घेऊन गेली तेव्हा मी बाबांवर किती चिडलो होतो, ते तुला माहीत आहे. दाजी नदीत गेले, लाकडाचं काम बंद पडलं, मान्य. पण बोरा जमातीच्या माणसाने आपलं गाव सोडून पैशासाठी नाचायचं, हे मला पटलं नव्हतं. आता तुझं पत्र वाचून वाटतं, मीच हट्टी होतो. तुम्ही हसताखेळता आहात, हे काय कमी आहे?

आणि आता तुझ्यापुढेच हात पसरतोय. नेलिदा सहावीला पहिली आली. बापाने शिकवलं म्हणून नव्हे, बाप शिकवत असूनही! आमच्या शाळेत याच्या पुढे वर्ग नाही. एप्रिलमध्ये तिला इकितोसच्या माध्यमिक शाळेत घालायचं ठरवलंय. तुमचं घर शहरापासून बोटीने एका तासावर. सकाळी परतणाऱ्या बोटीने जाईल, तीनच्या बोटीने येईल. आत्या असताना पोरीने परक्याच्या घरी का राहायचं? तिने वह्यांना आत्ताच कागद घालून ठेवलेत. तिची आई गणवेश शिवतेय, निळा.

नाही म्हणू नकोस.

एलिसेओ


मोठं घर
२७ फेब्रुवारी १९८४

एलिसेओ,

नेलिदा पहिली आली, ऐकून बाबांनी मांडीवर थाप मारली. पण तिला इकडे पाठवू नकोस.

इथे डास फार आहेत. घरात धूर असतो, पोरीला सर्दी होते. शिवाय बोटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी जुळत नाहीत. शिवाय मी स्वयंपाक वाईट करते, हे तूच गावभर सांगायचास. तिला पेबासच्या सिस्टरांकडे ठेव. एक वर्ष घरी राहिली तरी चालेल. माझं ऐक, एलिसेओ. मी तुला कधी उगाच नाही म्हटलंय का?

सोबत बाबांनी तंबाखूचं चाटण पाठवलंय. पानं त्यांनी स्वतः खुडली, तीन दिवस चुलीपाशी बसून स्वतः घोटलं, मीठही जुन्या पद्धतीने झाडाच्या राखेतून काढलं. आम्हाला ढवळूसुद्धा दिलं नाही. बाटलीला फीत आणि चिठ्ठी सेन्योर रेन्हिफोंनी लावली, त्याशिवाय वस्तू बाहेर जात नाही. तू फितीकडे बघू नकोस. उघड.

नेलिदाला पाठवू नकोस.

सोयला


अंपियाकू
१९ मार्च १९८४

सोयलाताई,

डास! अंपियाकूवर जन्मलेल्या पोरीला तू डासांची भीती घालतेस? सरळ लिही ना, की भावाची मुलगी जड झाली. पाहुण्यांसाठी घर मोठं आहे, भाचीसाठी त्यात जागा नाही.

बाबांचं चाटण पोचलं. फीत छान आहे. चिठ्ठीवर 'जंगलाची अस्सल आठवण' असं छापलंय. पूर्वी कुणाकडून चाटण आलं, की ते बोलावणं असायचं. ज्याने चाटलं तो बांधला गेला, मग पूर असो की ताप, निघावंच लागायचं. आता तुम्ही ते बाटलीत भरून फीत बांधून विकता, आणि त्यातली एक मलाही धाडलीत. ठेवलीय शाळेच्या फळीवर, पृथ्वीच्या गोलाशेजारी. मुलं बघतात.

पण तुझ्यापेक्षा तुझे मालक मोठ्या मनाचे निघाले. माझं पत्र वाचून (वाचण्याचाही फायदा असतो तर!) त्यांनी पेबासचा आपला माणूस थेट माझ्या दारात पाठवला. म्हणाला, मुलीच्या शिक्षणाची जबाबदारी आमची, लाँचचं भाडंही नको. गुरुवारी नेलिदा गेली. हे पत्र पोचेल तेव्हा ती तुझ्या समोर असेल. तिला पोटभर जेवायला घाल, एवढंच मागणं.

एलिसेओ


मोठं घर
२० मे १९८४

एलिसेओ,

हे पत्र रेन्हिफोने वाचलेलं नाही. बोट चालवणारा म्हातारा मुरायारी ते शर्टाच्या आत घालून नेणार आहे. तो म्हणाला, "पत्र नेईन बाई, माणूस नेणार नाही. माणूस नेलं तर मालक मला बोटीवर ठेवणार नाही." महिनाभर मी त्याच्या मागे लागले तेव्हा एवढं जमलं.

आता सगळं सांगते. आम्ही इथून हलू शकत नाही. आलो त्या आठवड्यात आमच्या दोन्ही होड्या 'डागडुजीला' नेल्या, त्या परत आल्या नाहीत. ओळखपत्रं मालकांच्या कपाटात आहेत. घरामागे सगळी दलदल, मुली तिथे छातीपर्यंत बुडतात. शहरात जायचं नाव काढलं की मालक म्हणतात, "जंगली माणसं बाजारात भाजी घेताना दिसली, तर माझ्या बोटीत कोण बसेल?" तीन वर्षांत मी इकितोस एकदा पाहिलं. दाढ काढायला, डोक्यावर गोणपाट घेऊन.

नेलिदाने शाळा पाहिलेली नाही. आली त्याच दिवशी रेन्हिफोने तिचा गणवेश 'जपून ठेवतो' म्हणून नेला. मोसम संपला की नाव घालू म्हणतात. इथला मोसम कधी संपतो ते मला तरी माहीत नाही. पाहुण्यांना सांगतात, ही नायकाची नात, हिला पाचाच्या पुढे मोजता येत नाही. पोरगी कसावा किसताना माझ्याजवळ बसून तेराचा पाढा म्हणते, विसरू नये म्हणून. तुझ्यावर रागावलेली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

आणि चाटण! एलिसेओ, तू एवढा शिकलेला, तुला फीत दिसली आणि बाप दिसला नाही? बाबांनी ते विकायचं बनवलेलं नव्हतं. विकायचं आम्ही बनवतो, एका दुपारात, चुलीवर उकळून. ते बोलावणं होतं. तू येऊन आम्हाला न्यावंस म्हणून.

तू म्हणशील, बाबा स्वतःच का उठवत नाहीत सगळ्यांना? त्यांनी शब्द दिलाय. पहिल्या दिवशी बाबांनी मालकांपुढे चाटण ठेवलं आणि दोघांनी चाटलं. बाबा म्हणाले, "या घराचा मालक मी असेतो इथलं एकही माणूस मी बाहेर काढणार नाही." मालक म्हणाले, मुलं शाळेत जातील, होडी मागाल तेव्हा मिळेल. नंतर मालक घरामागे गेले, घशात बोट घालून सगळं थुंकले आणि रेन्हिफोकडे बघून हसले. मी तिथेच केळी सोलत होते. मी पाहिलं. बाबांना आजवर सांगितलेलं नाही. ज्या माणसाने आपला शब्द थुंकला, त्याच्यासाठी आपण तीन वर्षं बांधून बसलो, हे या वयात त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

बाबा आम्हाला 'जा' म्हणणार नाहीत. पण तू येऊन नेलंस तर त्यांनी काढलं असं होत नाही. एवढी एक वाट त्यांनी विचार करून शोधली, आणि ती तू फळीवर ठेवलीस.

चाटण पाठवणाऱ्याने वाट बघायची असते. तीनची बोट गेली की बाबा टोप उतरवतात आणि काठी टेकत धक्क्यावर जाऊन बसतात. फेब्रुवारीपासून रोज.

सोयला


पेबास
९ जून १९८४

ताई,

तुझं पत्र वर्गातच उघडलं. मुलांना सुट्टी दिली. बाटली उघडली तर चाटण वाळून दगड झालं होतं. पाणी घालून खरवडलं आणि सगळ्यांदेखत चाटलं. माझी सासू म्हणाली, मास्तर आता माणसात आला. मला हसू आलं नाही.

चार दिवस पेबासच्या धक्क्यावर आहे. वर इकितोसकडे जाणाऱ्या दोन लाँच येऊन गेल्या. दोन्हींवर जागा होती, दोन्हींनी मला घेतलं नाही. मालकांचा इथला माणूस सरळ म्हणाला, "मास्तर, मुलगी शिकतेय ना? मग शाळा सोडून कशाला जाता?" हाच माणूस माझ्या घरी जेवून गेला होता. मासे नेलिदाने वाढले होते.

उद्या होडीने निघतो. सोबत मेव्हणा आहे. प्रवाहाच्या उलट, काठाकाठाने, वीस-बावीस दिवस लागतील. खडूचे हात, आत्ताच फोड आलेत. शाळेचं जुनं हजेरीबुक घेतलंय, त्यात तुझं, कासिल्दाचं, नेलिदाचं, सगळ्यांची नावं आहेत. ओळखपत्रं दिली नाहीत तर तेच कुणातरी साहेबापुढे आपटीन.

हे पत्र एका खलाशाकडे दिलंय, तो मुरायारीला ओळखतो. बाबांना सांग, मी चाटलं. मी निघालो.

नेलिदाला काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूच काहीतरी सांग.

एलिसेओ


इकितोस, मुरायारीचं घर
२६ जून १९८४

एलिसेओ,

बाबा गेले. हे आधी लिहिते, म्हणजे तू पानं उलटून शोधत बसणार नाहीस. हे पत्र खाली जाणाऱ्या लाँचवर देतेय. वाटेत काठाला वल्हं मारणारा, मास्तरासारखा दिसणारा माणूस दिसला तर द्या, असं सांगितलंय.

तुझं पत्र पोचलं तेव्हा त्यांना सहा दिवस ताप होता. तू चाटलंस हे कानात सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ हसत होते. मग मला राहवलं नाही, मी मालकाच्या थुंकण्याचं सांगून टाकलं. वाटलं, आता तरी सुटतील. बाबा म्हणाले, "मला माहीत आहे. घरामागून परत आला तेव्हा ओठांवर डाग नव्हता त्याच्या."

"मग कशाला बसलात बाबा तीन वर्षं?"

"तो थुंकला म्हणून मीही थुंकू?"

थोड्या वेळाने म्हणाले, "मी असेतो म्हणालो होतो. मी नसताना थांबू नका." मंगळवारी सकाळी गेले.

घराच्या मालकाला कुठे ठेवायचं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. आम्ही त्यांना घराच्या मधोमध पुरलं. रेन्हिफो आला, टोपी काढली, डोळेही पुसले. मग म्हणाला, दोन दिवस दुखवटा पाळा, शुक्रवारी मोठा गट आहे आणि रविवारी सान हुआनचा जाळाचा सण. टोप तेओफिलोने घालायचा. मी म्हटलं, मालक गेला की आमचं घरही जातं, ते जाळून निघून जायची रीत आहे. तो म्हणाला, "रीत सणानंतर करा."

शुक्रवारी आम्ही नाचलो. माती अजून बसली नव्हती. एका पाहुण्याचा बूट तिच्यात रुतला तेव्हा सगळे हसले. नेलिदा तिथे पाय ठेवीना, तर रेन्हिफोने तिला हाताला धरून रांगेत ओढलं. मी नाचले, एलिसेओ. आपल्या बापावर नाचले. तू आलास की मला काय म्हणायचं ते म्हण.

रविवारी दहाला बोटीची शिट्टी वाजली आणि कुणीही कपडे उतरवले नाहीत. मी गावाहून आणलेला फुलांचा फ्रॉक घातला होता, तेओफिलोने शर्ट-पँट. पाहुणे धक्का चढून आले तसं कासिल्दाने चुलीतलं जळकं लाकूड माझ्या हातात दिलं आणि मी ते छपराच्या पानांना लावलं. कोरडी पानं, भडकलीच. रेन्हिफो तोंड वासून उभा राहिला. पण तो रेन्हिफोच, पाहुण्यांकडे वळून ओरडला, "सान हुआनचा जाळ! खास तुमच्यासाठी!" टाळ्या पडल्या. एकाने मला हाताने खूण केली, बाजूला हो, फोटोत येतेस.

मी बाजूला झाले, मुलींना घेतलं आणि सरळ बोटीवर गेले. मागून नेलिदा, कासिल्दा, तेओफिलो. रेन्हिफो धावत येऊन बोटीवर चढायच्या फळीवर आडवा उभा राहिला. तेव्हा म्हाताऱ्या मुरायारीने मोटर सुरू केली आणि म्हणाला, "बसायचं तर बस, रेन्हिफो. नाहीतर पोहत ये." जळत्या घरासमोर सोळा पाहुणे बोटीकडे धावत सुटले होते, त्यांच्यापुढे काय करणार? बसला.

मुरायारीचं काम गेलं. म्हणतो, तसंही पाठ दुखत होती.

मालक काल इथे येऊन गेले. ओरडले नाहीत. ऑगस्टच्या आत नवं घर बांधतो म्हणाले, पानांच्या मोळ्या आणून टाकल्यात. ओळखपत्रं अजून त्यांच्या कपाटात आहेत आणि ती नसली तर पोलीस आम्हाला रस्त्यात विचारतील, हेही गोड आवाजात सांगितलं. मग म्हणाले, "हवं तर पुन्हा तंबाखू चाटतो." मी म्हटलं, आता शब्द द्यायचा तो माझा भाऊ येऊन देईल, आणि तो हजेरीबुक घेऊन येतोय. हजेरीबुक म्हणजे काय ते त्यांना कळलं नाही, पण निघून गेले. तोवर आम्ही सहाजण मुरायारीच्या एका खोलीत आहोत. दाराबाहेर जायला अजून भीती वाटते. सवयच गेलीय.

एक तुला सांगायलाच हवं. बोटीत माझ्या शेजारी लिमाची एक बाई होती. मी बसले तशी तिने पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग मागे वळून आगीकडे बघत नवऱ्याला म्हणाली, "किती सुंदर!" आणि पुन्हा टाळ्या वाजवू लागली. मी स्पॅनिशमध्ये म्हटलं, "बाई, टाळ्या नका वाजवू. त्या घरात माझे वडील आहेत."

बाईचे हात तसेच हवेत राहिले. मग तिला काहीतरी बोलायचं म्हणून तिने नेलिदाकडे बघितलं आणि मला विचारलं, "आणि ही?"

"ही माझी भाची," मी म्हटलं. "माध्यमिक शाळेत जाते."

नेलिदाने माझ्याकडे पाहिलं, मग पाठ ताठ करून बसली आणि धक्का येईपर्यंत तशीच बसून राहिली. मी सोळा माणसांदेखत खोटं बोललेय, एलिसेओ. लवकर ये आणि ते खरं कर.

सोयला